किर्पिचकावरचे पाच हंस

बागेत मी कुणालाही बोलू शकते. कुत्रा मोकळा सोडणारा असो, चालण्याच्या वाटेवर सायकल घालणारा असो, की लग्नाचे फोटो काढायला नवरीला तळ्याकाठच्या देवनळाच्या उंच गवतात उतरवणारा फोटोवाला असो, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की सगळे सुतासारखे सरळ होतात. नगरपालिकेनं मला नारिंगी जाकीट, झाडू आणि फावडं दिलं आहे. तोंड माझं मी घरून आणलं. "बुरुल एजे आली", ताई आली, असं लोक लांबूनच एकमेकांना सांगतात. सात वर्षांत फक्त एका माणसाला मी कधी काही बोलले नव्हते, आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर नेमकं त्याच माणसाला बोलायची पाळी आली. ते माझे सासरे.

त्यांचं नाव मी घेत नाही, अताके म्हणते. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्यांच्याकडं पाठ करून बसत नाही, आणि ते वाटेनं येत असतील तर त्यांच्यापुढून आडवी जात नाही. बाजूला थांबते, त्यांना जाऊ देते. नवऱ्याचं नाव मी खुशाल घेते, कुबानला कोण भितं? पण सासऱ्यांसाठी मी सत्तावीस वर्षं थांबत आले आहे. बागेतसुद्धा. कचऱ्याची गाडी अर्धी वाटेवर असते, मागून धावणारे वैतागलेले असतात, पण समोरून काठी टेकत ते येताना दिसले की मी बाजूला उभी. वैतागणाऱ्यांनी वैतागावं.

आमच्या पाचमजली इमारतींच्या मागं पूर्वी विटांचा कारखाना होता. मातीसाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, त्याला सगळे किर्पिचका म्हणतात. भोवती नऊशे मीटरची फरसबंद वाट आहे, सकाळी सहापासून तिच्यावर अर्धा मोहल्ला फिरतो. वाळुंजाच्या झाडांमागून एक कच्ची पायवाट जाते, ती प्रेमिकांची आणि दारुड्यांची, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. आणि पश्चिमेला देवनळातून लाकडी फळ्यांचा पूल थेट पाण्यापर्यंत नेलेला आहे. तिथं काळे चांदवे पक्षी असतात, हिरव्या डोक्याची बदकं असतात, पाणउंदीर असतात, उन्हाळ्यात बेडूक इतके ओरडतात की पहिल्या मजल्यावरचे लोक मलाच शिव्या देतात. जसं काही मीच त्यांना शिकवणी लावली आहे.

आणि चार वर्षांपासून हंस आहेत.

पहिल्या वर्षी एकच आला होता. शरद संपला, इतर पक्षी गेले, तो राहिला. लोकांना कोण कौतुक. रोज नान आणून घालायचे. जानेवारीत एका रात्रीत थंडी उणे बावीसवर गेली, तळं काठापासून काठापर्यंत गोठलं, आणि पहाटे भटकी कुत्री बर्फावरून चालत त्याच्यापर्यंत पोचली. फिरायला येणाऱ्यांच्या आधी मी पोचले म्हणून बरं. उरलंसुरलं मी फावड्यानं गोळा केलं, रक्तावर बर्फ लोटला. त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, आमच्या अपा, गेल्या होत्या. चाळिसाव्या दिवसाचा विधी व्हायचा होता, सासरे गावचं घर सोडून आमच्याकडं राहायला आले होते आणि दिवसभर खिडकीतून तळ्याकडं बघत बसायचे. त्यांनी विचारलं, "बालाम, पोरी, तो पांढरा कुठं गेला?"

"उडून गेला, अताके. मी बघितला जाताना," मी म्हटलं.

त्या घडीला दुसरं काय बोलणार होते मी? खोटं बोलले आणि विसरून गेले. पुढच्या वसंतात जोडी आली. त्यांनी देवनळात घरटं केलं. मधले हिवाळे सौम्य गेले, तळं गोठलं नाही, म्हणून जोडी इथंच निभावली; आधी त्यांची पिल्लं जगली नाहीत, गेल्या वर्षी मात्र तीन जगली. राखाडी, लांब मानेची, आईबापामागं एका रांगेत पोहणारी.

आता नानाचं सांगते. नान आम्ही कचऱ्यात टाकत नाही. खाली पडला तर उचलून कपाळाला लावतो. टाकला तर हात झडतो असं लहानपणी सांगितलेलं असतं, आणि आम्ही कितीही मोठे झालो तरी हातांची काळजी असतेच. पूर्वी शिळा नान पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्याशेजारच्या खिळ्याला अडकवला की शेजारच्या वाडीतले गाईवाले घेऊन जायचे. वाडीवर घरं उभी राहिली, गाई गेल्या, आणि पिशव्या खिळ्यालाच बुरसायला लागल्या. माझ्या सासऱ्यांना ते बघवेना. एकतीस वर्षं पावाच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस. त्यांनी इमारतीत सांगून टाकलं, शिळा नान आमच्या दाराच्या कडीला अडकवा. तेव्हापासून रोज सकाळी नानाची निळी पिशवी खांद्याला लावून ते निघायचे. डाव्या पायात जोर कमी, काठी टेकत एक फेरी पुरी करायचे आणि शेवटी फळ्यांच्या पुलावर उभं राहून हंसांना बोटाएवढे तुकडे करून घालायचे. मोठे तुकडे नाहीत. घशात अडकतील म्हणून.

सासूबाई गेल्यावर पहिले चार महिने हा माणूस घराबाहेर पडला नव्हता. हंस आले आणि पडला. मला हे सगळं दिसत होतं, म्हणून मीही पुलाजवळ झाडताना दुसरीकडं बघायचे.

मग नोव्हेंबर उजाडला. गेन्नादी पेत्रोविच नावाचे निवृत्त शिक्षक दर रविवारी दुर्बीण घेऊन येतात आणि वहीत पक्षी मोजतात. जीवशास्त्र शिकवायचे. त्या रविवारी त्यांनी वही बंद केली आणि माझ्याजवळ आले.

"बुरुल, हे पाच जाणार नाहीत."

"का नाही जाणार? पंख आहेत की."

"पंख आहेत, पण पोटही भरलेलं आहे. रोज सकाळी आठ वाजता नाश्ता हजर. तू गेली असतीस?"

"मी सत्तावीस वर्षं कुणाच्या हातच्या आयत्या नाश्त्याची वाट बघतेय. मला काय विचारता?"

ते हसले नाहीत. "इस्सिक-कुल सरोवर गोठत नाही. इथून दोन-तीन तासांचं उड्डाण आहे. बाकीचे हंस कधीच तिकडं पोचले. हे भाकरीवर बसून आहेत. तळं गोठायच्या आत निघाले नाहीत तर काय होतं ते तू बघितलं आहेस. फावडं तुझ्याच हातात होतं." खरं काय ते मी एकट्या त्यांनाच सांगितलं होतं.

"मग काय करायचं?"

"नान बंद करायचा. पूर्ण. एक माणूससुद्धा घालत राहिला तरी ते बसून राहतील. भूक लागली की बाप उठेल, बाप उठला की सगळे उठतील."

"किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे. कदाचित कमीच."

मी कामाला लागले. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सहा ठिकाणी पाट्या लावल्या. फाटकाशी एक पिंप ठेवलं आणि तोकमोकच्या रस्त्यावर गाई पाळणाऱ्या एका बाईशी ठरवलं की शिळा नान आठवड्यातून दोनदा तिनं न्यायचा. मग सकाळ-संध्याकाळ पुलापाशी ठाण मांडलं. लोक आधी भांडले. "मग नान कुठं टाकू? कचऱ्यात? तू घेतेस का पाप?" मी म्हटलं, पिंप आहे, गाई आहेत, पाप माझ्या नावावर लिहा, पण पुलावर पाऊल टाकलंत तर बघा. चार दिवसांत पूल रिकामा झाला.

एकटे सासरे सोडून.

ते नेहमीसारखे आले. मी नेहमीसारखी बाजूला झाले. पाटीपाशी थांबून त्यांनी ती पूर्ण वाचली, मान डोलावली, "चांगलं केलंस, बालाम. लोक काहीही घालतात, चिप्ससुद्धा घालतात," असं म्हणाले आणि पुलावर जाऊन बोटाएवढे तुकडे करायला लागले.

त्यांच्या डोक्यात ती पाटी दुसऱ्यांसाठी होती.

पण खरी गंमत दोन दिवसांनी कळली. आमच्या दाराच्या कडीला सकाळी अकरा पिशव्या. आधी इमारतीतल्या तीन-चार असायच्या. आता शेजारच्या दोन्ही इमारतींतून येत होत्या. लोकांनी सोपा हिशेब केला होता. नान पिंपात टाकणं त्यांना कचऱ्यात टाकल्यासारखंच वाटत होतं, मी काही पुलावर जाऊ देत नव्हते, आणि या शहरात मी ज्याला अडवू शकत नाही असा एकच माणूस होता. चौथ्या मजल्यावरच्या शायिरनं मला तोंडावर सांगितलं, "अक्साकालांच्या, वडीलधाऱ्यांच्या, हातून गेला की आम्ही मोकळे. त्यांना तू काय बोलणार?" आणि हसली. मी तिला बोलणार होते, पण तिचं म्हणणं खरं होतं.

रात्री कुबानला म्हटलं, "तू मुलगा आहेस. तू सांग."

"मी?" त्यानं असं विचारलं जसं घरात दुसराच एखादा मुलगा आहे.

सकाळी चहाला त्यानं धीर केला. घसा खाकरला. "अता, ते हंस…"

"हां?" सासऱ्यांनी कानामागं हात धरला.

"ते मोठे झालेत नाही पोरं?"

"झालेत की," सासरे खूश होऊन म्हणाले, "धाकटं जरा मागं आहे. त्याला मी वेगळं घालतो. त्याचे भाऊ त्याला जवळ येऊ देत नाहीत." आणि मग अर्धा तास धाकट्याबद्दल सांगितलं. कुबान चहा पीत राहिला. कामावर जाताना माझ्याकडं बघण्याचीही त्याला लाज वाटली असावी, कारण टोपी विसरून गेला.

मग मी गेन्नादी पेत्रोविचना पाठवलं. म्हटलं, दोघं म्हातारे आहेत, एकमेकांचं ऐकतील. मी वाळुंजाआड पानं गोळा करत कान देऊन ऐकत होते.

गेन्नादी पेत्रोविचनी सगळं नीट समजावलं. बर्फ, भूक, इस्सिक-कुल. सासऱ्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, मी नाही. पण पाहुणा दारात असताना, तो आता जावा म्हणून त्याचं ताट बंद करायचं, हे मी कुठं ऐकलं नाही. तुमच्यात करतात का तसं?"

"पक्षी आहेत ते."

"पाहुण्याला आपण विचारत नाही तो कोण आहे." मग पुढं म्हणाले, "आणि एक सांगू? पहिल्या वर्षी एकटा होता ना, तो जानेवारीपर्यंत इथंच राहिला. लोकांनी खाऊ घातलं. मग त्याच्या मनानं उडून गेला. माझ्या सुनेनं स्वतः बघितलं. पोट भरलेला पक्षी लांब उडतो."

गेन्नादी पेत्रोविचनी मान वळवून वाळुंजाकडं बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं. पानांचं पोतं माझ्या हातातून सुटलं. त्यांनी मला उघडं पाडलं नाही, एवढे त्यांचे उपकार. दहा मिनिटांनी काखेत एक ताजा नान घेऊन ते परत आले. सासऱ्यांनी घरच्यासाठी दिलेला.

"मी हात टेकले," ते म्हणाले. "आता तूच. आणि काय सांगायचं ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. म्हणूनच आणखी सहा दिवस मी काही केलं नाही. रोज सकाळी ठरवायची, आज. रोज ते यायचे आणि माझे पाय आपोआप वाटेच्या कडेला जायचे. बागेतले लोक बघायचे. शायिरसारख्या बायका कोपरानं एकमेकींना डिवचायच्या. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. मला त्या धाकट्याचं वाटत होतं. फावड्यानं गोळा करताना ते किती हलकं असतं हे मला माहीत होतं.

सातव्या दिवशी सकाळी देवनळाच्या मुळाशी काचेसारखा पातळ बर्फ होता. दुपारपर्यंत विरघळला. दुसऱ्या दिवशी विरघळला नाही. काठापासून तीन-चार पावलं पांढरी झाली आणि चांदवे त्याच्यावर घसरून पडायला लागले. फोनवर हवामान बघितलं, शनिवारपासून उणे सतरा. तो बुधवार होता.

गुरुवारी सासरे आले तेव्हा मी पुलाच्या तोंडाशी झाडत होते. दोन पिशव्या होत्या, दोन्ही खांद्यांना. माझे पाय कडेला निघाले. मी त्यांना परत आणलं. झाडू आडवा धरला आणि पुलावर, त्यांच्या वाटेत, मधोमध उभी राहिले.

फरसबंद वाटेवर फिरणारी माणसं थांबली. सासरेही थांबले. त्यांना वाटलं ते मला दिसले नसतील, म्हणून काठीनं फळीवर दोनदा वाजवलं.

"बालाम, मी येतोय."

"येऊ नका, अताके."

"काय?"

"पुलावर येऊ नका. नान घालू नका. उद्याही नाही." सात वर्षं ज्या आवाजानं लोकांना पळवलं तो कुठं गेला कोण जाणे. "तुम्ही घालताय म्हणून ते जात नाहीत. शनिवारी तळं गोठेल."

"मागच्या खेपेलाही गोठलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "तो गेला की."

"तो गेला नाही."

त्यांनी कानामागं हात धरला. ऐकू आलं होतं त्यांना. पण धरला.

"तो उडून गेला नाही, अताके. बर्फात अडकला आणि कुत्र्यांनी फाडला. मी माझ्या फावड्यानं उचलला. अपांना जाऊन पाच दिवस झाले होते, तुम्ही विचारलंत, माझ्या तोंडून खरं निघालं नाही. चूक माझी आहे. या पाचांचं तसं झालं तर तेही माझ्याच माथी. मला शिव्या द्या, पण पुलावर येऊ नका."

त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं. सासऱ्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ बघितलेलं मला तोवर आठवत नाही, आणि मी खाली बघायला हवं होतं तेही सुचलं नाही. पलीकडं पाचही हंस पुलाशी आले होते आणि फळ्यांवर चोची आपटत होते. मग सासरे वळले, दोन्ही पिशव्यांसकट घरी गेले. फेरीही पुरी केली नाही. बघणारे लोक पांगले. शायिरसुद्धा गेली. मी पुलावर बसून रडले, आणि मग झाडायला लागले, कारण पानं तर पडतच होती.

त्या दिवशी आणि शुक्रवारी ते खोलीबाहेर आले नाहीत. मी चहा नेला, त्यांनी घेतला. मी मटणाचा शुर्पा नेला, तोही घेतला. कुबान म्हणाला, "झालं ते बरं झालं." मी म्हटलं, "तू गप्प बस. तू बोलला असतास तर मला बोलावं लागलं नसतं." दारावरच्या पिशव्या मी रोज उतरवून पिंपाकडं नेल्या. मला एकच भीती होती. पक्षी वाचतील, आणि हा माणूस पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसेल. ते टळावं म्हणून मी पाच हंस द्यायलाही तयार झाले असते, हे मी कुणाला सांगितलं नाही.

हंस मात्र हलले नाहीत. दोन दिवस उपाशी, तरी पुलाशीच. बर्फ पुलाच्या टोकापर्यंत आला होता, मधलं पाणी अंगणाएवढं उरलं होतं. गेन्नादी पेत्रोविच रविवारची वाट न बघता शुक्रवारीच आले आणि म्हणाले, "ते त्यांची वाट बघताहेत. नानाची नाही, माणसाची. सवय झाली आहे."

शनिवारी सकाळी मी आधीच बागेत होते. आठला फाटकातून सासरे आले. पिशवी नव्हती. एका हातात काठी, दुसऱ्यात आमच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची परात. मी बाजूला झाले. माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "तू नको येऊस. तुला बघून ते बिचकतात, मला बघून येतात. मला जवळ हवेत."

ते पुलाच्या टोकाला गेले. पाचही हंस माना ताणून, शिट्टीसारखा आवाज करत त्यांच्या पायाशी आले. त्यांनी परात काठीनं बडवली. हंस मागं सरले आणि पुन्हा आले. त्यांनी ओरडून बघितलं, "जा, इस्सिक-कुलाला जा, इथं काही नाही." हंसांना तो आवाज ओळखीचा, ते आणखी जवळ. मग सासऱ्यांनी काठी उचलली आणि मोठ्या नराच्या पाठीत हाणली.

तो आवाज मी काठावर ऐकला. नर फुत्कारला, पंख पसरून उभा राहिला. त्यांनी पुन्हा हाणली, मग मादीला, मग पोरांना, डावीउजवीकडं, पाण्यावर, बर्फावर, फळ्यांवर. टोपी पाण्यात पडली. नरानं पाठ फिरवली आणि पाण्यावरून धावायला सुरुवात केली, पंख आपटत, त्याच्यामागं मादी, तिच्यामागं दोन राखाडी. पाणी संपलं तिथं ते बर्फावरून धावले, आणि उचलले. इमारतींच्या वर गेले तरी पंखांचा आवाज ऐकू येत होता. वाटेवरची सगळी माणसं वर बघत उभी होती.

धाकटं उठलं नाही. अर्ध्यापर्यंत धावलं, थांबलं, वळून परत सासऱ्यांकडं आलं.

त्यांनी काठी उचलली. मारली नाही. परात तिथंच ठेवली आणि पुलावरून खाली आले. चेहरा ओला होता.

"याला मारवत नाही मला," ते म्हणाले. "मी इथं आहे तोवर ते जायचं नाही. चल, चालू या. मी मागं बघणार नाही, तू बघ."

आम्ही फेरी सुरू केली. ते पुढं, मी दोन पावलं मागं. धाकटं मोकळ्या पाण्याच्या कडेकडेनं आमच्या बरोबरीनं पोहत होतं. जिथं बर्फ लागे तिथं फतक मारत चढायचं, घसरायचं, पुन्हा पाण्यात. आणि ओरडायचं. सासरे ऐकत होते, मान ताठ ठेवून चालत होते. पहिली फेरी पुरी झाली.

"आहे?"

"आहे, अताके."

"मग आणखी एक."

दुसऱ्या फेरीत त्यांचा डावा पाय ओढायला लागला. मी हात पुढं केला, त्यांनी धरला. सत्तावीस वर्षांत मी त्या हातात फक्त चहाची वाटी दिली होती. बोटं भाजल्याच्या जुन्या डागांनी खरखरीत होती. चालता चालता ते बोलले, "तेव्हाच सांगायचंस."

"तुम्ही जेवत नव्हता तेव्हा."

"हं," ते म्हणाले. आणि पुढची फरशी काठीनं चाचपत, "हंस गेला हे ऐकूनच मी त्या दिवशी जेवलो होतो."

दुसरी फेरी संपली. "आहे?"

मला नाही म्हणावंसं वाटलं. पाय बघवत नव्हते त्यांचे. "आहे," मी म्हटलं.

"मग आणखी एक."

तिसऱ्या फेरीत धाकट्यानं ओरडणं थांबवलं. मधोमध एकटं थांबलं, आमच्यामागं येईना. तिसऱ्या फेरीनंतरही मी "आहे" म्हटलं. बाकावर बसा म्हटलं तर ऐकेनात. बसलेला दिसलो तर ते परत येईल, म्हणाले. चौथ्या फेरीला आम्ही इतके सावकाश चालत होतो की काठीवाल्या म्हाताऱ्या बायका आम्हाला मागं टाकून गेल्या. वाळुंजांपाशी असताना तळ्यावर पाणी फडफडलं. मी बघितलं. सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला, मान तशीच समोर. फडफड लांबत गेली, मग पाण्याचा आवाज थांबला आणि नुसत्या पंखांचा उरला, मग तोही नाही.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, अताके. उडून गेला. मी बघितला जाताना."

शब्द तोंडातून गेल्यावर माझं मला कळलं मी काय म्हटलं ते. पहिल्या हंसाच्या वेळी म्हटले होते तेच शब्द. तळं शेजारीच होतं. मान वळवली असती तर त्यांना स्वतःच दिसलं असतं.

त्यांनी मान वळवली नाही. "बरं," म्हणाले, आणि माझा हात धरून बाकाकडं चालू लागले.